दुभाष्याविरुद्ध गाडेकर बाई

गाडेकर बाईंनी आपल्या वर्गात 'गुड मॉर्निंग' कधीही शिकवले नाही.

सरकारने पुरवलेल्या पुस्तकाचा पहिला धडा अभिवादनाचा होता. दुसरा कुटुंबाचा, तिसरा बाजारहाटाचा. नगर-पुणे रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून कामाला आलेल्या प्रौढ मजुरांसाठी शासनाच्या खर्चाने चालणारा हा इंग्रजीचा मोफत वर्ग. तो आमच्या गावच्या शाळेत संध्याकाळी भरत असे. मी त्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे केंद्राची देखरेख माझ्याकडे आली होती. पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणे मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाईंनी पुस्तक टेबलावर पालथे ठेवले, खडूचे दोन तुकडे केले आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिले: 'दॅट इज नॉट व्हॉट आय सेड.' त्याखाली हिंदीत अर्थ दिला, 'मैंने ऐसा नहीं कहा था.' पुढचा सबंध तास वर्ग तेवढेच म्हणत होता. आधी सगळे मिळून, मग रांगेने, मग एकेकटे.

वर्ग सुटल्यावर मी म्हणालो, "बाई, पहिला धडा नमस्काराचा आहे."

"नमस्कार ह्यांना येतो, सर. गेटवरच्या वॉचमनपासून दिवसभर तेच करत असतात."

"पण सोप्याकडून कठिणाकडे जावं, असं आपण—"

"हे त्यांना सोपंच आहे. मनात रोज म्हणतात. आता तोंडानं म्हणतील."

अध्यापनशास्त्राचे सूत्र मी आयुष्यभर इतरांना शिकवले होते. ते कोणी असे माझ्याकडेच वळवून दाखवावे, याची मला सवय नव्हती.

बाई पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेले नव्हते. शेजारच्या गावात धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहत. भाऊ, रमेश, वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनवर अपघातात गेला, एवढे मला ठाऊक होते. उंची बेताची, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला खांद्यावर पिन आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. हातात एक लाकडी फूटपट्टी असे. तिने त्यांनी कधी कोणाला मारले नाही. परंतु ती ज्याच्याकडे वळे तो आपोआप उभा राही. आवाज चढवणे त्यांना कमीपणाचे वाटे. "ओरडलं की समोरच्याला कळतं, आपल्याला किती लागलंय ते," असे त्या म्हणत.

त्यांचा खरा राग एका शब्दावर होता. तो शब्द म्हणजे 'येस'.

हा राग पहिल्या महिन्यातच उघड झाला. ओडिशाची मालती प्रधान नावाची एक बाई वर्गात होती. चाळिशीची, हसतमुख, कारखान्यात पॅकिंगच्या कामावर. काहीही विचारले की मान हलवून 'येस मॅडम' म्हणायची. बाईंनी तिला उभे केले आणि अतिशय मायेने इंग्रजीत विचारले, "आर यू अ बफेलो?"

"येस मॅडम."

"डू यू ईट ग्रास?"

"येस मॅडम."

"कितना दूध देती हो?" बाईंनी हिंदीत विचारले.

वर्गात हशा फुटला. मालतीही तोंडाला पदर लावून हसू लागली. बाई मात्र हसल्या नाहीत. हसणे ओसरेपर्यंत त्या फूटपट्टी दोन्ही हातांत आडवी धरून उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आज भैंस बनाया. कल कोई चोर बनाएगा, तब भी येस बोलोगी?"

त्यानंतर वर्गात 'येस' म्हणायला बंदी झाली. उत्तर पूर्ण वाक्यातच द्यायचे. प्रश्न कळला नसेल तर तसे सांगायचे, तेही पूर्ण वाक्यात. कामावरून थकून आलेली माणसे, कपड्यांना तेलाचा वास, डोळ्यांत झोप. तरीही बाईंच्या वर्गाची हजेरी कधी गळाली नाही. भाषा येईल म्हणून माणसे वर्गाला येतात, असे आपण समजतो. मला वाटते, ही माणसे यायची ती समोरच्या बाईंना आपल्यापेक्षाही जास्त राग आलेला आहे, हे त्यांना जाणवले होते म्हणून.

कारखान्याला हे मजूर पुरवणारा ठेकेदार विलास काशीद. सगळे त्याला काशीद शेठ म्हणत. काही वर्षे आखातात काढल्यामुळे त्याला इंग्रजी फाडफाड येई, आणि त्याच्या धंद्याची अर्धी ताकद त्या इंग्रजीत होती. मजूर आणि साहेब यांच्यामध्ये तो उभा असे. दोन्हीकडचे बोलणे त्याच्याच तोंडून पलीकडे जाई. सोनेरी काडीचा गॉगल तो घरातसुद्धा काढत नसावा. वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तो एका टेम्पोत छताचे पंखे घालून शाळेत आला.

"बाई, लई पुण्याचं काम करताय तुमी," तो म्हणाला. "माझी माणसं शिकून राह्यलीत. गरमी हुती वर्गात, म्हनलं पंखे द्यावं."

"द्या की, शेठ. फार बरं झालं."

"अजून काय लागलं तर हक्कानं सांगा. रमेशभाऊ आपलाच मानूस होता."

"हो ना," बाई म्हणाल्या. "खुर्च्याही चालतील. ह्या बाकांवर मोठ्या माणसांचे गुडघे अडकतात."

आठवड्यात खुर्च्या आल्या. बाईंनी त्याचे आभार मानले, चहा पाजला, वर्गासमोर त्याला दोन शब्द बोलायला लावले. मला ते सगळे साधे सौजन्य वाटले. एक गोष्ट तेवढी नजरेत भरली. तो बोलत असताना बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या. त्या वर्गाकडे पाहत होत्या. कोण त्याच्याकडे कसे पाहतो, हे त्या मनात टिपून घेत होत्या.

त्या टिपण्याचा उपयोग लवकरच झाला. पुढे त्यांनी मुलाखतीचा सराव सुरू केला. या कारखान्याचे सुटे भाग विकत घेणारी परदेशी कंपनी दर वर्षी आपले तपासनीस पाठवते. कामगारांना हातमोजे मिळतात का, जादा वेळ सक्तीने थांबवतात का, असे प्रश्न ते विचारतात. बाई स्वतः तपासनीस होऊन खुर्चीत बसत आणि एकेकाला समोर बोलावत. मी दारातून पाहत होतो. माणसे उत्तर देत होती, शब्दही बरोबर येत होते. पण प्रत्येकाची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून निसटून त्यांच्या उजव्या खांद्यामागे जात होती. तिथे काहीच नव्हते. रिकामी भिंत आणि तालुक्याचा नकाशा.

बाई मधेच थांबल्या. "मेरे पीछे क्या है?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी मालती म्हणाली, "वहाँ सेठ खड़े रहते हैं, मैडमजी."

मग सगळे बाहेर आले. तपासनीस खुर्चीत बसले की काशीद दुभाषा म्हणून त्यांच्या पाठीमागे उभा राही. गॉगल डोळ्यांवर असला की उत्तर 'येस'. कपाळावर चढवला की 'नो'. माणसांना प्रश्न कळण्याची गरजच नव्हती. वर्षानुवर्षे त्यांनी प्रश्नाकडे लक्ष दिले नव्हते. त्या गॉगलकडे दिले होते. आणि आता इंग्रजी कळू लागल्यावरही डोळे जुन्याच जागी जात होते.

बाईंनी त्या दिवशी पुढचे काही शिकवले नाही. खुर्ची ओढत नेऊन तिची पाठ भिंतीला चिकटवली, बसल्या आणि म्हणाल्या, "अब बोलो. मेरी आँखों में देखकर." नंतरचे कित्येक आठवडे खुर्ची भिंतीलाच राहिली. डोळ्यांत पाहून बोलणे हा कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेला धडा होता आणि तो शिकवायला त्यांना व्याकरणापेक्षा जास्त वेळ लागला.

रमेशची हकिकत बाईंनी मला सांगितली ती त्याच सुमारास. वर्ग सुटला होता. त्या व्हरांड्यातल्या नळावर फळ्याचे फडके धूत होत्या. मी सहज म्हणालो, "काशीद शेठवर तुमचा राग दिसतो."

"दिसतो?" त्यांनी फडके पिळले. "मग कमी करायला हवा."

आणि मग, शाळेत एखादा उतारा समजावून सांगावा तितक्या सरळपणे, त्यांनी सांगितले. रमेश त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. अक्षरे त्यांनीच गिरवून घेतलेली. गळ्यात माळ, सुपारीचेसुद्धा व्यसन नाही. तो प्रेस मशीनवर होता. मशीनमध्ये हात असला तर ते आपोआप थांबावे म्हणून एक सेन्सर असतो. काम भराभर उरकावे म्हणून सुपरवायझरने तो बंद करून ठेवायला लावला होता. रमेशने हरकत घेतली होती. शेजारच्या मशीनवर बिहारचा राजकिशोर होता, आता आमच्या वर्गाला येणारा. त्याने ते ऐकले होते आणि पुढचेही पाहिले होते. अपघातानंतर परदेशी तपासनीस आले. त्यांचा नियम असा की, कामगाराशी बोलताना व्यवस्थापनाचा माणूस खोलीत नको. काशीद कागदोपत्री व्यवस्थापनाचा नव्हता. तो दुभाषा झाला. घरच्यांचेही म्हणणे ऐकायचे म्हणून बाईंना बोलावले होते. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

"राजकिशोर हिंदीत बोलला, सुपरवायझरनं सेन्सर बंद करवला, रमेशभाऊ नको म्हणत होता. आणि शेठनं इंग्रजीत सांगितलं, हा म्हणतो, रमेश पिऊन आला होता, सेन्सर त्यानंच बंद केला."

"मग तुम्ही?"

"उभी राहिले. इंग्रजीतच म्हटलं, हा असं बोललेला नाही. तपासनीस एक गोरी बाई होती. तिनं माझ्याकडं बघितलं. शेठ तिच्याकडं वाकला आणि हळूच म्हणाला, सख्खी बहीण आहे, धक्क्यानं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. मग त्या बाईनं उठून मला पाणी दिलं."

"प्यायलात?"

"प्यायले. तहान लागली होती."

राजकिशोरला त्यांनी त्याच संध्याकाळी त्याच्या खोलीवर जाऊन, त्याच्या तोंडी काय घातले गेले ते सांगितले. तो भिंतीला डोके टेकून रडला. म्हणाला, मैडमजी, मैं फिर से बोलूँगा. बाई त्याला म्हणाल्या, "बोलशील. पण कुणाच्या तोंडानं?" त्यांनी परदेशी कंपनीकडे अर्ज पाठवले, उत्तर आले की मृताच्या नातेवाइकांच्या भावना आम्ही समजू शकतो.

"आणि दशक्रियेला," बाई म्हणाल्या, आणि इथे प्रथमच थांबल्या.

आमच्या भागातली रीत वाचकांना ठाऊक असेल. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत माईक लावलेला असतो आणि गावातले, राजकारणातले, ओळखीचे एकामागून एक श्रद्धांजलीचे बोलतात. रमेशच्या दशक्रियेला काशीदनेही माईक घेतला. मृताबद्दल चार चांगले शब्द बोलला आणि मग, सगळ्या भावकीसमोर, रमेशच्या दोन लहान मुलांसमोर म्हणाला की व्यसनाने घरे बसतात. या उदाहरणातून तरुणांनी बोध घ्यावा.

"लोकांनी माना हलवल्या, सर. माळकरी माणसाच्या पिंडासमोर."

मी दारातून आतल्या पंख्याकडे पाहिले. मग न राहवून म्हणालो, "आणि त्याच्याच पंख्याखाली तुम्ही शिकवता?"

"वारं गार लागतंय ना? मग लागू द्या."

सूड म्हटले की आपल्याला घाई आठवते, रक्त आठवते. बाईंचा सूड शाळेच्या वेळापत्रकासारखा होता: विषय ठरलेला, तासिका ठरलेली, गृहपाठ रोजचा. काशीदचे सारे वजन तो मधे उभा राहतो यात होते. बाई रोज संध्याकाळी त्याच्या पायाखालची ती जागा थोडी थोडी काढून घेत होत्या, आणि तो त्यांना खुर्च्या पुरवत होता. त्याला भीती का वाटली नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. त्याच्या लेखी बाई म्हणजे पाणी पिऊन खाली बसलेली बाई. तो विषय त्याने संपवला होता.

तपासणीचा दिवस आला तेव्हा कारखान्याने वर्गाचे फोटो मोठे करून भिंतीवर लावले होते. पाहुण्यांना दाखवण्यासारखी गोष्ट म्हणून त्या दिवशी वर्ग कँटीनमध्येच भरवायचे ठरले. बाईंना आणि मला गाडी पाठवली गेली. तपासनीस तीच गोरी बाई होती. तिने बाईंना ओळखले नाही.

आम्ही लवकर पोहोचलो होतो. बाईंनी पाहुणीची खुर्ची स्वतः मांडली. मी पाहिले की ती त्यांनी भिंतीला लावली नाही. उलट चांगली पुढे ओढली, मागे माणूस ऐसपैस उभा राहील एवढी. इतके आठवडे भिंतीला चिकटलेली ती खुर्ची आज पुढे का, हे मला कळेना.

दुसरी गोष्ट मात्र त्यांच्या हिशेबाबाहेरची घडली. राजकिशोर वर्गात नव्हता. काशीदने त्याला सकाळीच मागच्या शेडमध्ये माल उतरवायला पाठवले होते. बाईंनी खुर्च्यांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. फूटपट्टीवरची त्यांची बोटे पांढरी झालेली मला दिसली. इतके महिने ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तोच माणूस आज समोर नव्हता. आणि ही संधी पुन्हा वर्षभर येणार नव्हती. पण वर्ग सुरू झाला तेव्हा आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

वर्ग छान झाला. पाहुणी खूश झाली. नियमाप्रमाणे साहेब मंडळी बाहेर गेली; बाई आणि मी कोपऱ्यात बसलो. काशीद गॉगल लावून खुर्चीमागच्या मोकळ्या जागेत उभा राहिला, आणि पाहुणीने पहिल्यांदा मालतीला बोलावले. हातमोजे मिळतात का, असे तिने इंग्रजीत विचारले. काशीद हिंदीत सांगू लागला.

"आय अंडरस्टँड," मालती म्हणाली.

काशीद हसला. "व्हेरी गुड, व्हेरी गुड."

मालतीने त्याच्याकडे पाहिले नाही. ती समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाहत होती. "मॅडम," ती सावकाश, एकेक शब्द टेबलावर ठेवावा तशी म्हणाली, "प्लीज टर्न अराउंड."

पाहुणी वळली. काशीदचा हात गॉगलच्या काडीवर होता आणि गॉगल अर्धा कपाळावर चढलेला होता. तो धड वर जाईना, धड खाली येईना.

"ग्लासेस डाउन, येस," मालती म्हणाली. "ग्लासेस अप, नो. एव्हरी यिअर."

"शी इज कन्फ्यूज्ड, मॅडम—"

"आय अ‍ॅम नॉट कन्फ्यूज्ड. आय अ‍ॅम नॉट अ बफेलो." हे दुसरे वाक्य पाहुणीला कळणे शक्य नव्हते, पण मागच्या खुर्च्यांतून एक हुंकार उठला. मालती पुढे म्हणाली, "कॉल राजकिशोर. ही इज इन बॅक शेड. शेठ सेंड हिम देअर."

ते नाव ऐकून पाहुणीच्या कपाळावर आठी पडली. तिने स्वतः दार उघडून बाहेरच्या माणसाला राजकिशोरला आणायला सांगितले. तो आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत धूळ होती. काशीद त्याला हिंदीत काही सांगू लागला तेव्हा पाहुणीने फक्त तळहात वर केला. काशीद गप्प झाला.

राजकिशोर बोलला. मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून सांगतो: त्याच्या इंग्रजीत काळ चुकत होते, कर्ता-क्रियापदाचा मेळ नव्हता. मजकूर कुठेही चुकला नाही. सेन्सर कोणी बंद करायला लावला, रमेश काय म्हणाला, मशीन कसे खाली आले, आणि अपघातानंतरच्या चौकशीत आपण काय बोललो होतो व त्याचे काय सांगण्यात आले. बोलताना तो दोनदा अडला. कोणीही त्याला शब्द पुरवला नाही. बाईंनीही नाही. अडलेला शब्द त्याने स्वतः शोधला आणि पुढे गेला.

तो थांबल्यावर पाहुणी हळूहळू कोपऱ्याकडे वळली. आता तिने बाईंना ओळखले. "हे तुम्ही मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "मी सांगितलं होतं." यापेक्षा एक शब्द जास्त नाही.

मग त्या उठल्या, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि काशीदसमोर धरला. "घ्या, शेठ. पाणी प्या."

काशीदचा ठेका गेला. सुपरवायझर गेला. रमेशवरचा ठपका चुकीचा होता, हे कारखान्याला मान्य करावे लागले. त्यानंतर एके संध्याकाळी काशीद शाळेत आला. गॉगल नव्हता. त्याचे डोळे मी प्रथमच पाहिले. ते अगदी साधे, थोडे पाणावलेले डोळे होते.

"बाई, माझ्या पोटावर का उठलात? झालं गेलं. चुकलो. हितंच पाया पडतो तुमच्या."

"इथं कोण ऐकणार, शेठ? रमेशचं वर्षश्राद्ध आहे. प्रवचन ठेवलंय, माईक आहे. तिथं या."

"भावकीसमोर? न्हाई बाई, तेवढं नका सांगू."

"नका येऊ. बळजबरी नाही." त्यांनी फळा पुसायला घेतला. "राजकिशोरचं इंग्रजी झालं. आता त्याला मराठी शिकवतेय. पोलीस ठाण्यातल्या साहेबांना मराठी लागतं ना."

काशीद आला. रमेशच्या अंगणात मांडव होता, बुवांचे प्रवचन संपले होते. मी पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. काशीदने माईक हातात घेतला आणि रमेशभाऊ किती चांगला माणूस होता, असे सुरू केले.

"ते सगळ्यांना माहीत आहे," बायकांच्या बाजूने बाईंचा आवाज आला. "पुढचं."

"माझ्याकडून बोलन्यात काही चूक झाली असंल—"

"'काही' नको. कोणती, ते सांगा."

 काशीदने कपाळ पुसले. "रमेश पिलेला नव्हता," तो पुटपुटला. "मी खोटं बोललो."

"मागं ऐकू गेलं नाही, शेठ."

माईकवाल्याने कोणी न सांगता आवाज वाढवला. काशीदने पुन्हा म्हटले. आता ते शेजारच्या वस्तीपर्यंत गेले असेल. एक वृद्ध चुलते बाईंकडे वळून हात जोडून म्हणाले, "मंदा, पुरं आता. माणूस मेल्यागत झालाय."

"बसा, तात्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "अजून घाटावरचं राहिलंय. शेठ, मुलांकडं बघून म्हणा. ती समोरच बसलीत."

रमेशची दोन मुले पहिल्या रांगेत होती. काशीदने त्यांच्याकडे बघून, घाटावर तुमच्या वडिलांविषयी मी बोललो ते खोटे होते, असे म्हटले. धाकटी मुलगी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिने मान हलवली नाही, की नजर काढली नाही. बाईंनीच तिला तसे पाहायला शिकवले असणार. नंतर बाईंनी त्याच्यासाठी बुंदीचे पान वाढायला सांगितले. तो न जेवता गेला.

मला वाटले, संपले. लोकांनाही वाटले. राजकिशोर आता काही जणांना स्वतःच वाचायला शिकवत होता. बाईंना विश्रांती घेता आली असती. परंतु एक दिवस त्यांनी शाळेच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्या आणि सांगितले की त्यांनी राहुरीकडचे केंद्र मागून घेतले आहे.

"तिकडं काय आहे?"

"डाळिंबाचं पॅकिंग हाउस. माल परदेशी जातो, तपासनीस येतात. काशीदनं तिथं माणसं पुरवायला घेतलीत."

"बाई," मी म्हणालो, "रमेशचं नाव धुऊन निघालं. आता काय राहिलं?"

"रमेशचं झालं, सर. माझं राहिलं." त्यांनी पदराची पिन सारखी केली. "डोकं ठिकाणावर नाही म्हणाला होता मला. ते त्यानं परत घेतलेलं नाही."

"मांडवात मागायचं होतंत. दिलं असतं त्यानं."

"म्हणून तर मागितलं नाही. मागून मिळालं की संपतं."

मी त्यांना नगरच्या बसस्थानकावर पोहोचवायला गेलो. गुंडाळी फळा मी वर सामानाच्या फळीवर ठेवला. बाई खिडकीशी बसल्या. पुढच्या बाकावर एक नवे कुटुंब होते. नवरा, बायको, दोन बोचकी आणि पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. नवरा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहून उगीच मान हलवत होता. बाई पुढे वाकल्या.

"कहाँ जाना है, भैया?"

"राहुरी, मैडम. काम पर."

"किसके यहाँ?"

त्याने खिशातला मोबाईल काढला, नाव शोधले, आणि म्हणाला, "काशीद सेठ."

बाईंनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा हाताने झटकली. "इधर आ जाओ," त्या म्हणाल्या. "रास्ता लंबा है."

कंडक्टरने घंटी दिली. मी खाली उतरलो. बस मागे येऊन वळली तेव्हा खिडकीतून मला दोघे दिसले. बाईंचे एक बोट वर होते, आणि त्यांचे ओठ हलून थांबले की त्या माणसाचे ओठ हलत होते.